घोडबंदरचा मोठा फ्लॅट की कोपरीतला लहान? ऐरोली आणि बीकेसी गाठणाऱ्या जोडप्यासाठी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं नाशिकहून ठाण्याला येताय. तुमचं ऑफिस नवी मुंबईतल्या ऐरोलीत, वहिनींचं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके मिळतोय, पार्किंगसकट. त्याच भाड्यात ठाणे पूर्वेला, कोपरीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. आणि तुम्ही विचारताय की नाशिकची गाडी सोबत आणू की लोकलची सवय करू.

मी बरीच वर्षं ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या कंपन्यांचं एम्प्लॉयी ट्रान्सपोर्ट बघते. कोणाला कुठून उचलायचं, बस कुठल्या रस्त्याने न्यायची, रात्री उशिरा सुटलेल्या मुलीला दारापर्यंत कोण सोडणार, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. नवीन रुजू होणारी माणसं घर घेण्याआधी क्वचित विचारतात, घेतल्यावर मात्र हमखास फोन करतात. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी की लोकल, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. घर ठरलं की त्याचं उत्तर आपोआप मिळेल. त्याआधीचा प्रश्न असा की दोघांपैकी कोणाचा प्रवास जास्त अवघड आहे. तुम्ही जवळजवळ सगळं तुमच्या ऐरोलीबद्दल लिहिलंय. वहिनींच्या वाट्याला एकच ओळ आलीय, 'तिला बीकेसीला जावं लागेल.' खरं तर तुमचा प्रवास सोपा आहे. ठाण्याच्या जवळपास कुठल्याही कोपऱ्यातून ऐरोली जमते. बीकेसी जमत नाही, ती जमवावी लागते. माझा साधा नियम आहे: ज्याचा प्रवास वाईट, त्याच्या सोयीने घर घ्यायचं. दुसऱ्याला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तरी बिघडत नाही.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. वहिनींचं ऑफिस बीकेसीच्या कुर्ल्याकडच्या टोकाला आहे की कलानगरच्या? आठवड्यात किती दिवस प्रत्यक्ष जायचंय? तुमच्यापैकी कोणाची शिफ्ट आहे का? आई-वडील सोबत येणार आहेत का? मी असं धरून चालते की दोघांनाही रोज जायचंय, वेळ साधारण साडेनऊ ते साडेसहा, आणि घरात तुम्ही दोघंच. यातलं काही वेगळं असेल तर खालचं गणित बदलेल. कुठे बदलेल ते सांगत जाईन.

आता आमच्या कामातली एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रूट आखताना आम्ही सरासरी वेळ धरत नाही, वाईट दिवसाची वेळ धरतो. कासारवडवली ते ठाणे स्टेशन साधारण दहा किलोमीटर. दुपारी दोनला मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला अर्ध्या तासाच्या आत पोचवेल, आणि तेव्हा ते खरंही असतं. पण पंचिंग दुपारी दोनला नसतं. सोमवारी सकाळी किंवा शुक्रवारी संध्याकाळी त्याच दहा किलोमीटरला तास लागू शकतो, आणि अमुक दिवशी तास लागेल हे आदल्या दिवशी कळत नाही. ऑफिसला उशीर होतो तो सरासरी दिवशी होत नाही. म्हणून माणूस रोज वाईट दिवसाच्या हिशेबाने घर सोडतो, आणि बाकीच्या दिवशी ऑफिसच्या खाली चहा पीत उभा राहतो. तो वेळही प्रवासातच धरायचा.

लोकलचं उलट आहे. गर्दी असते, घाम असतो, कधी चप्पल तुटते. पण ठाण्याहून कुर्ल्याला स्लो गाडीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतात ते गर्दीतही तेवढेच लागतात. डबा भरला म्हणून गाडी हळू चालत नाही. रस्त्यावर माणसं वाढली की प्रत्येकाचा वेळ वाढतो. त्यामुळे प्रवासाचा जितका भाग रुळावर, तितका दिवस तुमच्या हातात.

घोडबंदर रोडला जो त्रास आहे, तो टॉवर वाढल्यामुळे झालेल्या गर्दीपुरता नाही. जेएनपीटी बंदर आणि भिवंडीकडून अहमदाबाद महामार्गाला जाणारी अवजड वाहनं याच रस्त्याने गायमुखचा घाट चढतात. घाटात खड्डे बुजवायचं काम निघालं किंवा एखादा ट्रेलर बंद पडला, की शेपूट पार मागपर्यंत येतं. गर्दीच्या वेळेत अवजड वाहनांना बंदी असते, पण बंदीची वेळ संपली की थांबवलेली रांग एकदम सुटते. त्यात मेट्रोचं काम. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथले उड्डाणपूल तुम्हाला सिग्नलवरून वर काढतात खरं, पण शेवटी सगळे कापूरबावडी-माजिवड्याला येऊन पडतात आणि तिथे नाशिक महामार्गही येऊन मिळतो. तुम्ही नाशिकहून गाडीने आलात तर हे शेवटचे काही किलोमीटर तुम्ही पाहिलेच असतील.

तरी सकाळचं मी फारसं मनावर घेत नाही. सकाळी माणूस लवकर निघून वेळ मारून नेतो. घोडबंदरचा खरा हिशेब संध्याकाळचा आहे. वहिनी बीकेसीहून कुर्ला, कुर्ल्याहून ठाणे करून साडेसात-आठला स्टेशनबाहेर आल्या, की त्यांचा प्रवास संपलेला नसतो, तिसरा टप्पा सुरू व्हायचा असतो. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसथांब्यांच्या पुलावर बसची रांग, खाली रिक्षाची रांग. बसमध्ये बसायला मिळालं तरी कापूरबावडीला थांबायचंच. आमच्याकडे नोकरी सोडताना लोक कारणात 'प्रवास' लिहितात, त्यांच्याशी मी बोलते तेव्हा बहुतेकांचा राग लोकलवर नसतो. लोकलमधून उतरल्यानंतरच्या या तिसऱ्या टप्प्यावर असतो. दिवसभराचं काम झालंय, ठाणं आलंय, आणि घर अजून तासाभरावर आहे.

पैशाचंही बघा. रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला सतरा रुपयांच्या वर. दहा किलोमीटरला मीटर १७० च्या आसपास जातं. जाता-येता रिक्षा केली तर एका माणसाचे महिन्याच्या २२ दिवसांचे साडेसात हजार झाले. तुम्ही म्हणाल, रोज कोण रिक्षा करणार, बस आहे, शेअर रिक्षा आहे. आहेत. पण पावसात, उशीर झाल्यावर, अंगात कणकण असताना माणूस रिक्षाच करतो, आणि घोडबंदरला असे दिवस थोडे नसतात. भाडं सारखं दिसतंय ते कागदावर. हे पैसे आणि हे तास त्यात मिळवून दोन्ही घरांची तुलना करा.

कोपरीची बाजू आता सांगते, तोट्यांसकट. अष्टविनायक चौक, बारा बंगला, मीठबंदर रोड या भागात जुन्या सोसायट्या जास्त. जिने अंधारे, खोल्या लहान, गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. आई-वडील गुडघ्याच्या दुखण्यासह येऊन राहणार असतील, तर लिफ्ट नसलेला दुसरा मजला हा विषय एवढ्यावर संपतो. मग दुसरं घर शोधा. पण ट्रान्सहार्बरचे, म्हणजे नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचे, ९ आणि १० नंबरचे प्लॅटफॉर्म पूर्वेच्याच बाजूला आहेत. तुम्ही कोपरीतून आलात की पश्चिमेची गर्दी न तुडवता थेट तुमच्या गाडीपाशी येता. वहिनींना मेन लाइनसाठी ब्रिज चढावा लागेल, एवढाच फरक.

आणि कोपरीच हवी असा माझा हट्ट नाही. पश्चिमेला नौपाडा, चरई, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्या, कुठेही चालत पंधरा मिनिटांत प्लॅटफॉर्म गाठता येत असेल तर माझं उत्तर तेच राहील. पंधरा मिनिटं म्हणजे ऑफिसची बॅग घेऊन, पावसात, वहिनींच्या चालीने. ब्रोकरच्या चालीने नव्हे. त्यांची पाच मिनिटं मी अनेकदा चालून पाहिली आहेत.

वहिनींचा प्रवास जरा खोलात जाऊन बघू. ठाण्याहून बीकेसीला जायला सगळे कुर्ला सांगतील, आणि ते बरोबर आहे. फक्त नवीन माणूस फास्ट लोकलच्या मागे लागतो. फास्ट गाड्या कल्याण, कर्जत, कसाऱ्याकडून भरून येतात. ठाण्याला त्यात शिरायचं म्हणजे दारात उभं राहायचं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर अशाच दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि काही जीव गेले. ठाणे ते कुर्ला या अंतरात फास्ट आणि स्लोमध्ये जेमतेम आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. सीएसएमटीला जायचं असतं तर फास्टचा मोह मी समजू शकले असते. कुर्ल्यासाठी नाही. ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडायची, इंडिकेटरवर ती बघायची, गाडी लागताना लेडीज डब्यापाशी उभं राहायचं. आठवडाभरात कुठली गाडी रिकामी मिळते ते कळतं, चेहरे ओळखीचे होतात, आणि कोणीतरी चौथ्या सीटवर सरकून जागा देतं. फर्स्ट क्लासचा पास पहिल्याच महिन्यात काढू नका. लेडीज फर्स्ट क्लासचा डबा लहान असतो, आणि सुटणाऱ्या स्लोमध्ये सेकंडलाही बसायला मिळत असेल तर जास्तीचे पैसे कशाला?

कुर्ल्याला पश्चिमेला उतरायचं. तिथून बीकेसी तीन-चार किलोमीटर, बेस्टच्या बस आहेत आणि शेअर रिक्षा आहेत. सकाळी नऊच्या पुढे या तुकड्याचा काही नेम नाही; कधी पंधरा मिनिटं, कधी चाळीस. म्हणून ठाण्याची गाडी अर्धा तास आधीची पकडावी, कुर्ला नऊच्या आत पार करावं. ऑफिस भारत डायमंड बोर्सच्या बाजूला असेल तर ठीक आहे, कलानगरच्या टोकाला असेल तर हाच तुकडा आणखी लांबतो.

पण एक दुसरी वाट हाताशी ठेवा, जी ठाण्यातले पुष्कळ लोक अजून धरत नाहीत. घाटकोपरला उतरायचं, मेट्रो १ ने मरोळ नाक्यापर्यंत जायचं, तिथे मेट्रो ३ ला बदलून बीकेसी स्टेशनला उतरायचं. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ही वाट उघडली. नकाशावर ती उलटी फिरून गेल्यासारखी दिसते आणि तिकीटही जास्त पडतं. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर सकाळी गर्दी असते, हेही खरं. पण पूर्ण प्रवास रुळावर होतो. मुख्य फायदा पावसात. जोरदार पाऊस झाला की मध्य रेल्वेवर पाणी साचायच्या जागांत कुर्ला-सायनचा पट्टा पहिला असतो. घाटकोपर त्याच्या अलीकडे आहे. कुर्ल्यापुढे गाड्या थांबल्या तरी घाटकोपरपर्यंत बऱ्याचदा पोचता येतं. पावसाळ्याच्या आधी एकदा मोकळ्या दिवशी ही वाट करून बघायला वहिनींना सांगा. पाणी भरलेल्या दिवशी नवा रस्ता शोधायची वेळ येऊ नये.

तिसरा पर्याय अ‍ॅपवरच्या खासगी एसी बसचा. घोडबंदरहून आणि ठाण्याच्या मुख्य थांब्यांवरून त्या पूर्व द्रुतगती मार्गाने जातात. २०१९ मध्ये बीकेसी-चुनाभट्टी जोडरस्ता झाल्यापासून महामार्गावरून सरळ बीकेसीत उतरता येतं. सीट नक्की, थंड हवा, झोप काढता येते. सकाळी सातच्या आसपास सुटणाऱ्या बसला मी हो म्हणेन. संध्याकाळच्या बसला माझा तेवढा भरवसा नाही, कारण तेव्हा मुंबईतून ठाण्याकडे येणारा सगळा ओघ मुलुंड ते कोपरी पूल या पट्ट्यात अडकतो. बरेच जण सकाळी बस आणि संध्याकाळी लोकल असं करतात, मला ते शहाणपणाचं वाटतं. परतताना कुर्ल्याहून काही लोकल तिथूनच सुटतात. वेळापत्रकात त्या बघून ठेवा. भरून आलेल्या कल्याण फास्टमध्ये कुर्ल्याला चढण्यापेक्षा दहा मिनिटं थांबणं बरं.

इथे कोणीतरी सुचवेलच की कळव्यात घर घ्या, भाडं कमी आहे आणि सकाळी कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत बसून येता येतं. माणसं तसं करतात, मला माहीत आहे. रुळांवर उतरून, खडीतून चालत, चालत्या-थांबत्या गाडीत चढतात. त्याच्या भरवशावर घर घेऊ नका. कळव्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत आणि येणाऱ्या स्लो मागूनच भरून येतात, म्हणजे तुमचा ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीचा फायदाच गेला. सीटसाठी एक-दोन स्टेशनं उलट जाऊन येणारेही भेटतील; पास तिथपर्यंतचा नसेल तर टीसी दंड लावतो, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमचं ऐरोली. २००४ साली ट्रान्सहार्बरवर प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि ठाण्याच्या नोकरदारांना नवी मुंबई जवळ आली. वाशी, नेरूळ, पनवेल, गाडी कुठलीही असो, ऐरोलीला थांबते. ठाण्याहून दहा मिनिटांच्या आसपास. सकाळी ही गाडी रिकामी असते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडचे सगळे ठाण्याला उतरून याच दोन प्लॅटफॉर्मवर येतात. पण दहा मिनिटं उभं राहणं कोणालाही जमतं, आणि ऐरोली-रबाळे-घणसोलीला डबा भराभर रिकामा होतो. ऑफिस नेमकं कुठल्या पार्कात आहे ते बघा. १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झालंय. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एमआयडीसीच्या बाजूची काही ऑफिसं ऐरोलीपेक्षा त्या स्टेशनला जवळ पडतात, काही रबाळ्याला. नकाशावर ऑफिसचं गेट धरून मोजा, कंपनीच्या पत्त्यातलं 'ऐरोली' धरून नको.

पासाचं एक छोटं: तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो. पहिला महिना साधा पास काढा, वाट पक्की झाली की तीन महिन्यांचा.

ऐरोलीच्या कंपन्यांत बऱ्याचदा स्टाफ बस असते, आणि घोडबंदरला राहणाऱ्याला ती मिळाली तर चित्र जरा बदलतं. म्हणून रुजू होण्याआधी एचआरला फक्त 'बस आहे का' असं विचारू नका, कारण उत्तर 'आहे' असंच येतं. विचारा की कासारवडवलीहून माझ्या वेळेला सीट शिल्लक आहे का, का वेटिंग आहे. पिकअप सोसायटीच्या गेटवर की मेन रोडवर? आम्ही सहसा मेन रोडवरच देतो, कारण एक बस पाच सोसायट्यांत शिरली तर शेवटच्या माणसाचा तास जातो. बस किती मिनिटं थांबते? पगारातून किती कापतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहाची बस चुकली तर पुढची किती वाजता? सहाची चुकल्यावर थेट नऊची असेल, तर मीटिंग लांबलेल्या दिवशी तुम्ही पुन्हा त्याच रिक्षाच्या रांगेत.

गाडीबद्दल. १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यात मुलुंडचे नाके आणि ऐरोली पूलही आला. त्यामुळे घोडबंदर ते ऐरोली कारने जाणं खिशाला थोडं हलकं झालं, रस्ता मात्र हलका झाला नाही. माजिवडा, तीन हात नाका, कोपरी पूल, मग मुलुंडहून ऐरोली पुलावर वळायचं. दुसरी वाट कळवा-विटावा. दोन्हींकडे अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. कोपरीत राहिलात तर गाडी पहिले काही महिने नाशिकलाच राहू द्या. शनिवार-रविवारच्या एका फेरीसाठी रोज पार्किंग शोधत बसू नका. बाईक चालेल, ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा लोकलच.

मेट्रोबद्दल ब्रोकरने सांगितलं असेलच. मेट्रो ४ वडाळा ते कासारवडवली आणि ४ अ पुढे गायमुखपर्यंत. घोडबंदरच्या तुकड्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी झाली. चांगली गोष्ट आहे, आणि फ्लॅट विकत घेत असतात तर मी तिला वजन दिलं असतं. तुमचा करार अकरा महिन्यांचा. करारावर सही कराल त्या दिवशी जे धावतंय तेवढंच मोजा. शिवाय ही मेट्रो ठाणे रेल्वे स्टेशनला लागून जात नाही. तीन हात नाका, मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर करत वडाळ्याला जाते. ऐरोलीला ती जात नाही, बीकेसीलाही थेट जात नाही. घाटकोपरपर्यंत सलग धावू लागली की वहिनींना तिथून वर सांगितलेली वाट धरता येईल, तेव्हा घोडबंदरचा पुन्हा विचार करा.

मग घोडबंदरला राहूच नये का? तसं अजिबात नाही. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असेल, तर महिन्यातले बहुतेक दिवस तुम्ही त्या मोठ्या घरात असाल; मग जागा, हवा, येऊरचा डोंगर, सोसायटीतलं मैदान यांची किंमत वाढते. दोघांची ऑफिसं वागळे इस्टेटला किंवा मानपाड्याच्या आसपास असती तर मी डोळे झाकून तिकडे पाठवलं असतं. मुलं शाळेत जाणारी असती तरी गणित वेगळं; शाळा घराजवळ असणं हे आई-बापांच्या अर्ध्या तासापेक्षा मोठं. पण रोज कुर्ला गाठणाऱ्या माणसाला कासारवडवलीत ठेवायचं, तर ती जास्तीची बेडरूम रात्री झोपण्यापुरती उरते.

ऐरोलीतच राहा असंही कोणी सांगेल. त्यात तुमचा प्रवास जवळजवळ शून्य होतो आणि वहिनींना आधी ठाणं किंवा पुलावरून मुलुंड गाठून मग तीच लोकल. सोपा प्रवास आणखी सोपा करून काय साधणार? कोपरी नको असेल तर मुलुंड पूर्व बघा. तिथून पुलावरून ऐरोलीला बस आहे आणि वहिनींना कुर्ला एका स्टेशनाने जवळ पडतं. मात्र ठाण्याहून सुटणारी स्लो मुलुंडला येईपर्यंत बसायच्या जागा गेलेल्या असतात.

टोकन देण्याआधी एक काम करा. रविवारी दुपारी फ्लॅट बघून निर्णय घेऊ नका. रविवारी रस्ते मोकळे असतात आणि लोकलला मेगाब्लॉक असतो, दोन्हींचा अंदाज चुकतो. कामाच्या दिवशी या. संध्याकाळी साडेसहाला दोघंही बीकेसीतून निघा आणि कासारवडवलीच्या त्या टॉवरच्या लिफ्टपर्यंत जा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी निघून कोपरीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत. सकाळची चाचणी जमली नाही तरी चालेल, संध्याकाळची चुकवू नका. आणि कुठलं घर हे वहिनींना ठरवू द्या.

शेवटचा मुद्दा शिफ्टचा, कारण त्याने वरचं बरंच काही बदलतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० अशी आहे. त्यापुढे काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करणं हे मालकाचं काम आहे. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. ठाणे स्टेशनला सोडून चालत नाही. चांगल्या ठिकाणी रात्रीच्या कॅबमध्ये शेवटी उतरणारी किंवा पहिली चढणारी एकटी स्त्री ठेवत नाहीत, आणि तसं टाळता आलं नाही तर सोबत गार्ड देतात. वहिनींची वेळ अशी असेल तर आधी त्यांच्या ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करून विचारा की त्यांच्या ड्रॉपच्या हद्दीत कासारवडवली येते का. बऱ्याच कंपन्या किलोमीटरची मर्यादा ठेवतात आणि घोडबंदरचं टोक कधी आत असतं, कधी बाहेर. रात्री रस्ता मोकळा असतो, कॅब दारात सोडणार असेल तर स्टेशन जवळ असण्याचं महत्त्व निम्म्याने कमी होतं, आणि मग मी तुम्हाला कोपरीचा आग्रह धरणार नाही. त्यांची वेळ आणि बीकेसीतली नेमकी बिल्डिंग कळली की इथेच लिहा.